बाटलीची पारख

गोव्यात मे महिना अर्धा सरला की घरोघर बाटल्यांची टंचाई सुरू होते. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला आम्ही पुरुमेंत म्हणतो आणि पुरुमेंत म्हटले की सुकी मासळी, मिरच्या, कांद्यांच्या माळा आणि उकडे तांदूळ यांचीच नावे पुढे येतात. परंतु या बेगमीचा बराच मोठा भाग पातळ असतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भिरंडांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे आगळ, नव्या खोबऱ्याचे तेल, लिंबाचा रस, मध, कोकम सरबताचा पाक, शेजारच्या ख्रिस्ती घरातले माडाच्या सुरेचे व्हिनेगर आणि पोटदुखीसाठी किंवा छाती चोळण्यासाठी म्हणून कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवायची काजूची फेणी, ही सगळी मंडळी याच पंधरवड्यात घरात येतात आणि प्रत्येकीला राहायला जागा लागते. मग पलंगाखालच्या, माळ्यावरच्या, न्हाणीघराच्या कोनाड्यातल्या रिकाम्या बाटल्या एकेक करून बाहेर निघतात आणि घरातल्या कर्त्या बाईची खरी परीक्षा सुरू होते.

या जुन्या बाटल्या पुन्हा वापरण्याच्या सवयीला आपण काटकसर म्हणून मोकळे होतो. काटकसर तीत होतीच, पण तेवढ्याने ती सवय समजत नाही असे मला वाटते. बाटली पुन्हा वापरायची तर तिची पारख असावी लागते. तोंड अरुंद की रुंद, काच जाड की पातळ, रंग कोणता, आधी आत काय होते, बूच कशाचे, बुडाला कोपरे आहेत की गोलाई, एवढे सगळे पाहून मगच कोणत्या पदार्थाला कोणती बाटली द्यायची हे ठरते. ही पारख आमच्या आजीकडे होती, तिच्या सुनांकडे आली आणि माझ्या पिढीत ती झपाट्याने ओसरली. नवी बाटली घेण्याइतके पैसे हातात आले, हे त्याचे एक कारण आहे; परंतु बाटली इतकी हलकी आणि फुकटची झाली की तिच्याकडे निरखून पाहण्याची गरजच उरली नाही, हे मला त्याहून मोठे कारण वाटते.

आगळाचेच पाहा. पिकलेल्या भिरंडांच्या साली मिठात घालून त्यांचा सुटलेला रस म्हणजे आगळ. ते वर्षभर टिकते ते त्यातल्या आंबटपणामुळे आणि मिठामुळे, आणि नेमक्या या दोन गोष्टी धातूच्या वैरी आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यात आगळ ठेवत नाहीत हे सर्वांना ठाऊक असते, पण काचेच्या बाटलीत भरल्यावरही वरचे झाकण पत्र्याचे असेल तर दोन महिन्यांत ते आतून गंजते, त्याचा मुलामा सुटतो आणि तपकिरी कण आगळात उतरतात. म्हणून आमच्या घरी आगळासाठी फिरकीच्या पत्री झाकणाची बाटली कितीही देखणी असली तरी बाजूला पडत असे. तिच्याऐवजी लाकडी बूच बसेल अशी, लांब मानेची, जाड काचेची बाटली निवडली जाई. ती गळ्यापर्यंत भरत, कारण वर हवा राहिली की पांढरी साय धरते. बूच घट्ट बसवून वरून मेण ओतले की ती बाटली कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाई आणि आषाढात सोलकढीच्या निमित्तानेच बाहेर येई. रंगाने ते आगळ जवळजवळ काळे दिसे. बाटली उजेडाकडे तिरकी धरली की कडेला डाळिंबी रंगाची पातळ रेघ उमटे, आणि त्या रेघेवरून ते चांगले राहिले आहे की नाही हे आजी सांगत असे.

खोबरेलाचे गणित वेगळे. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली उतरले की थिजू लागते. गोव्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याहून थंड असतात, त्यामुळे मे महिन्यात आनंदाने अरुंद तोंडाच्या बाटलीत ओतलेले तेल पौषात पांढरे, घट्ट होऊन आतच बसते. मग सकाळी कोणीतरी बाटली उन्हात ठेवते, कोणी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करते, आणि शाळेची घाई असलेले मूल माडाच्या हिराने आत टोचत बसते. ज्यांना हे ठाऊक होते ती माणसे वापरातले खोबरेल रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवत आणि साठवणीचे तेवढे अरुंद तोंडाच्या बाटलीत. कारण हवेशी आणि उजेडाशी संबंध जितका कमी, तितके तेल खवट होण्याचे लांबते. एकाच तेलासाठी दोन वेगळ्या बाटल्या का, असा प्रश्न मला लहानपणी पडत असे. त्याचे उत्तर ऋतूंमध्ये होते.

बाटली धुणे हे तर स्वतंत्र शास्त्र होते. हात आत जात नाही, घासणी पोहोचत नाही. म्हणून मूठभर तांदळाच्या कण्या किंवा नदीची जाड वाळू, कोमट पाणी आणि रिठ्याचा फेस घालून बाटली दोन्ही हातांनी खळखळवायची. तेलकट बाटलीला राख. मग स्वच्छ पाण्याने तीनचार वेळा विसळून ती कुंपणाच्या खुंटावर उपडी घालायची. मे महिन्याच्या उन्हात कुंपणावर ओळीने उपड्या घातलेल्या हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या बाटल्या हे आमच्या वाड्यावरचे नेहमीचे दृश्य होते. पाणी निथळल्यावर खरी कसोटी नाकाची. वास राहिला असेल तर पुन्हा धुवायची, आणि तरीही राहिला तर त्या बाटलीचा हुद्दा उतरायचा : खाण्याच्या पदार्थांतून दिव्याच्या तेलाकडे. हिंगाची बाटली मरेपर्यंत हिंगाचीच, असे आजी म्हणत असे आणि ते शब्दशः खरे होते. ओली बाटली मात्र कोणत्याही परिस्थितीत भरायची नाही, हा नियम सर्वांत कडक होता. तळाशी राहिलेल्या पाण्याच्या चार थेंबांनी तेलाला किंवा मधाला काय होते, हे ज्यांनी एकदा पाहिले ते घाई करत नाहीत.

बुचांचीही अशीच निवड असे. मूळ बूच हरवले की नारळाच्या सोडणाचा तुकडा कोयत्याने तासून बसवत. तो भिजला की फुगतो आणि घट्ट बसतो, पण त्याचा तांबूस रंग उतरतो, म्हणून तो रॉकेलला चालतो, मधाला चालत नाही. कागदाचा बोळा फक्त कोरड्या वस्तूला. छोट्या औषधी बाटलीच्या पत्री झाकणाला भोक पाडून त्यात नळी आणि वात बसवली की तिची चिमणी होई. वीज गेलेल्या पावसाळी रात्री अशी चिमणी घेऊन माजघरातून परसात जाताना ज्योतीभोवती तळहात धरावा लागे.

बाटली एवढी सहज हाताशी नव्हती तेव्हा काय होते, याचे अवशेष गोव्यात अजून दिसतात. माडावर चढून सूर उतरवणारा रेंदेर कमरेला दुदिणें बांधत असे; वाळवून पोकळ केलेला तो भोपळाच. हलका, पडला तरी झाडावरून खाली कोणाचे डोके न फोडणारा आणि परसात उगवणारा. आज त्याची जागा प्लास्टिकच्या डब्याने घेतली आहे. काच इथे एके काळी किती दुर्मिळ होती ते जुन्या घरांच्या खिडक्यांवरून कळते. त्यांच्या चौकटींत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे पातळ, दुधाळ चौकोन बसवलेले आहेत. अशा प्रदेशात पोर्तुगालहून मद्य आणि ऑलिव्ह तेल भरून आलेली बाटली रिकामी झाल्यावर फेकली जाणे शक्यच नव्हते. त्यातली सर्वांत मानाची म्हणजे गराफांव : मोठ्या पोटाची, आखूड मानेची, वेताच्या विणीत बसवलेली जाड काचेची बरणीवजा बाटली. वेताची वीण काचेला धक्क्यापासून वाचवते, उजेड अडवते आणि उचलायला कान देते. या तिन्ही गोष्टी एकाच विणीत साधणाऱ्या कारागिराबद्दल मला फार आदर वाटतो.

काजूच्या हंगामात गराफांवाशिवाय भाटीचे, म्हणजे दारू गाळण्याच्या जागेचे, पान हलत नसे. बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा रस आंबवून पहिल्या उकळीला उतरते ते उर्राक. ते सौम्य, त्याच हंगामात संपवायचे. पुन्हा उकळून कडक होते ती फेणी, आणि तीच वर्षानुवर्षे टिकते. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्यासाठी छापील लेबलांच्या नाजूक बाटल्या आल्या. त्याचा मला आनंदच आहे. तथापि गावातला जाणकार अजूनही लेबलाकडे पाहत नाही. तो पांढऱ्या काचेच्या बाटलीत थोडी फेणी घेऊन ती हलवतो आणि वर आलेल्या फेसाचे मणी किती मोठे आहेत आणि किती वेळ टिकतात ते पाहतो. रंगीत काचेत हे दिसत नाही. म्हणून पारखायची बाटली पांढरी आणि ठेवायची बाटली गडद.

दवाखान्यातल्या बाटलीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे जाताना आई घरून धुतलेली बाटली पिशवीत घेत असे. ती विसरली तर कंपाउंडर बाटलीचे वेगळे पैसे लावी. लाकडी जाळीच्या खिडकीआड मोठ्या बरण्यांतून तो गुलाबी किंवा तांबडे मिक्श्चर त्या बाटलीत ओतून पाणी घाली. मग कागदाची एक अरुंद पट्टी घेऊन तिची लांबी औषधाच्या उंचीएवढी कापी, तिच्या घड्या घाली, घडीच्या कडेला कात्रीने तिरके छेद देई आणि पट्टी उलगडून डिंकाने बाटलीला उभी चिकटवी. उलगडलेल्या पट्टीच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर खाचा उमटलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. मोजमापाचा चमचा नाही, वाचता येण्याची अट नाही. दिवसातून तीन वेळा हलवून एका खाचेपर्यंत प्यायचे, एवढे निरक्षर आजीलाही समजे. औषधशास्त्र पुढे गेले आणि ती मिश्रणे मागे पडली ते योग्यच झाले, परंतु रोग्याला समजेल अशी सूचना थेट बाटलीच्या अंगावर कापून लावण्याची ती युक्ती मला आजच्या बारीक अक्षरांतल्या छापील चिठ्ठीपेक्षा अधिक माणुसकीची वाटते.

गोटी सोड्याची बाटली या सगळ्यांत वेगळी, कारण ती घरी येतच नाही. हायरम कॉड या इंग्रज माणसाने 1872 साली तिचे पेटंट घेतले. बाटली उलटी धरून भरतात. सरळ करेपर्यंत आतला वायू काचेच्या गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून बसवतो आणि तीच गोटी बूच होते. गळ्याला दिलेल्या दोन चिमट्यांमध्ये गोटी अडकून राहते, म्हणून ओतताना ती वाटेत येत नाही. पुढे 1892 मध्ये पत्र्याच्या मुकुटासारख्या झाकणाचे पेटंट निघाले आणि जगात बहुतेक ठिकाणी गोटीचे राज्य संपले. आपल्याकडे ते गाड्यांवर टिकले. सोडा प्यायचा आणि बाटली तिथेच परत करायची, हा व्यवहार गिऱ्हाइकाला कोणी शिकवावा लागत नाही, कारण त्या बाटलीचा आकारच तिला मालकाकडे परत नेतो.

आता एक गोष्ट गांभीर्याने सांगावीशी वाटते. ज्या सवयीचे मी इतके कौतुक करते आहे तिचीच एक वाईट बाजू आहे : शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत रॉकेल, फिनेल, ॲसिड किंवा तणनाशक भरून ठेवणे. पर्यटकांच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्यांत भरलेले पेट्रोल उघड्यावर मांडलेले अजून दिसते. मूल बाटली ओळखते ती आकारावरून. आतला द्रव त्याला पाण्यासारखा किंवा सरबतासारखाच दिसतो. असे काही पोटात गेले तर घाबरून मीठपाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न घरोघर होतो, आणि रॉकेल-पेट्रोलच्या बाबतीत तो घातक ठरतो, कारण वर येताना ते श्वासनलिकेत शिरून फुप्फुसांना इजा करते. उलटी न करवता, ती बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. जुन्या घरांत विषारी वस्तूंच्या बाटलीच्या गळ्याला चिंधी बांधत आणि ती न्हाणीघराबाहेर, छपराच्या वाशाला उंच टांगत. अंधारातही हाताला चिंधी लागली की कळे. पारख म्हणजे हेही होते. खाण्यापिण्याच्या बाटलीचा आणि इतर बाटलीचा संसार कधी एक होऊ द्यायचा नाही.

प्लास्टिकच्या बाटलीला सरसकट शिव्या देणे मला पटत नाही. आज आपण पाणी पितो त्या पेट नावाच्या प्लास्टिकच्या बाटलीचे पेटंट 1973 सालचे, म्हणजे ती काही पुराणकाळापासून आपल्या मानगुटीवर बसलेली नाही, आणि तिचे खास गुण आहेतच. ती हलकी आहे, फुटत नाही, पाण्यावर तरंगते. मांडवी-जुवारीच्या काठी छोट्या होड्यांतले मासेमार जाळ्याला बोयांच्या जागी घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटल्या बांधतात. पावसाळ्यात मांडवावर चढवलेल्या काकडी-दोडक्याच्या वेलींना फळमाशीपासून वाचवायला बाटलीला बाजूने भोके पाडून आत गंधाचा ठोकळा टांगतात. नर माश्या त्या गंधाने आत येतात आणि मरतात. आंब्यावरच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉल वापरतात, आणि हेच द्रव्य तुळशीतही असल्यामुळे तुळशीच्या पानांकडेही ती माशी ओढली जाते. पिण्याचे पाणी शंकास्पद असेल आणि उकळायची सोय नसेल, तर गाळून स्वच्छ केलेले पाणी पारदर्शक पेट बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवे ठेवावे, आकाश ढगाळ असेल तर दोन दिवस. सूर्याची अतिनील किरणे बरेचसे जंतू मारतात. हे काम रंगीत बाटलीने होत नाही, आणि गढूळ पाण्यात तर मुळीच होत नाही.

पण या बाटलीच्या मर्यादाही पारखायला हव्यात. सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास पेट मऊ पडते, म्हणून गरम पाक तिच्यात ओतला की ती आक्रसून वाकडी होते. ती वास धरून ठेवते. उन्हात तापलेल्या गाडीत दिवसेंदिवस पडलेल्या बाटलीतले पाणी पिऊ नये. लोणचे, आगळ, तेल यांना ती वर्षभरासाठी देऊ नये. आठवड्याच्या प्रवासापुरती द्यावी. फाटकापाशी लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की कुत्री घाण करत नाहीत, असा समज अनेक घरांत आहे; त्या बाटल्यांना टेकून निवांत झोपलेली कुत्री मी पाहिली आहेत. शेताच्या कुंपणाला मात्र टांगलेल्या बाटल्या वाऱ्याने एकमेकींवर आपटून रानडुकरांना आणि पाखरांना काही दिवस दूर ठेवतात. प्राण्यांना तो आवाज सरावाचा झाला की जागा बदलावी लागते.

गावाच्या सीमेवर राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोट (जाड भाकरी) आणि सोरो (दारू) देण्याची प्रथा आमच्याकडे आहे. त्या ठिकाणी झाडाच्या मुळाशी ठेवलेली बाटली कोणी उचलून भंगारात देत नाही. ती दिलेली वस्तू असते. तिथून थोड्याच अंतरावर, रस्त्याला लागून असलेल्या भातशेतात, गाडीतून भिरकावलेल्या बाटल्या पडलेल्या असतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. लावणीच्या वेळी बायका अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या असतात. चिखलातली काच दिसत नाही. ती पायालाच कळते. त्या जखमेत शेतातले पाणी जाते, त्या बाईचा हंगाम बुडतो, आणि ज्याने बाटली फेकली तो एव्हाना दूरवर पोहोचलेला असतो. पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणे आणि बाटल्या फोडणे यांवर 2019 मध्ये कायदा दुरुस्त करून दंड बसवला गेला, पण भातशेत हे पर्यटनस्थळ नसते आणि तिथे पहारा कोणी देत नाही.

गोवा सरकारने 2024 साली ठेव-परतावा योजना अधिसूचित केली : वस्तू घेताना ठेव द्यायची, रिकामे वेष्टन परत केले की ती परत मिळवायची. मला ही दिशा योग्य वाटते, कारण पैशाचा एक धागा बांधला की हात बाटली फेकायला कचरतो. मात्र परत आलेली काच वितळवून पुन्हा बाटली करायची तर भट्टी दीड हजार अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि तीच बाटली धुऊन पुन्हा भरायला गरम पाणी पुरते. बिअरच्या बाटल्या आपल्या देशात अशाच फिरतात हे सर्वांना ठाऊक आहे. मग आगळ, खोबरेल, मध, सरबत विकणाऱ्या बचतगटांनी मिळून एकाच मापाची, एकाच गळ्याची काचेची बाटली का ठरवू नये? एकाची रिकामी दुसऱ्याला चालेल, बुचे एकत्र घेता येतील, आणि गिऱ्हाइकाला ती कुठेही परत करता येईल.

याची सुरुवात कोणाच्या सल्ल्याशिवाय झालेलीही आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आगळ आणि खोबरेल विकणाऱ्या बायका जुन्या बाटल्यांतच माल आणतात, आणि त्यांतली मी जिच्याकडून घेते ती बाई रिकामी बाटली परत आणणाऱ्याला किमतीत सूट देते. गेल्या खेपेस माझ्यापुढच्या गिऱ्हाइकाने पिशवीभर बाटल्या आणल्या होत्या. तिने एकेक उचलून उन्हाकडे धरली, गळ्याच्या कडेवरून बोट फिरवले, नाकाशी नेली आणि दोन बाजूला काढल्या. एकीच्या कडेला टवका गेला होता. दुसरीबद्दल ती म्हणाली, "ही घरी न्या. हिला सुगंधी साबणाचा वास आहे, माझे आगळ हिच्यात जाणार नाही."